आगाफियामावशीचा बिछाना

त्या वर्षी वेलींना कोंब फुटले आणि गेलेली थंडी पुन्हा फिरून आली. एका पहाटेत आमच्या कोद्रेनी गावाचे द्राक्षमळे करपून काळे पडले. शरद आला तेव्हा पिंपात ओतायला रस नव्हता आणि बाजारात न्यायला द्राक्षं नव्हती. झाडांवर होते ते फक्त अक्रोड. मग घराघरातून सकाळपासून ठाकठूक ऐकू येऊ लागली.

मी फोडायला अफनासीकडे बसायचे. तो माझा शेजारी. आमच्या दोन अंगणांच्या मधलं कुंपण कधीचं पडलंय आणि ते उभं करावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही. त्याची बायको नीना चार वर्षांपूर्वी गेली. माझा नवरा मॉस्कोकडे घरं बांधायला गेला. तो जिवंत आहे एवढं मला ठाऊक आहे. त्यामुळे दुपारी दोन घरांची मिळून एकच चूल पेटे, तीही अफनासीच्या अंगणातल्या स्वयंपाकाच्या खोलीत. तो आणि त्याची मुलगी तिथेच रांधत, तिथेच जेवत आणि भिंतीकडेच्या बाकावर तिथेच झोपत. मोठं घर तापवायला सरपण कुठून आणायचं?

अक्रोड ठोकळ्यावर उभा धरायचा आणि मोगरीचा एकच टोला द्यायचा, बेतानं. कवच फुटलं पाहिजे आणि गर अख्खा सुटला पाहिजे. त्या अख्ख्या गराला आम्ही फुलपाखरू म्हणतो. फुलपाखराला गिऱ्हाईक असतं, चुरा बघून व्यापारी नाक मुरडतो. हिरव्या सालीचा डाग बोटांना बसला की नाताळपर्यंत जात नाही. साबण लावा, राख लावा, काही उपयोग नाही.

अफनासीची मुलगी फेलिचिया शहरात नर्सिंग शिकत होती. पहिलंच वर्ष. अंधारात उठून बसनं जायची, दुपार कलल्यावर यायची, आणि आली की दप्तर खुंटीला अडकवून मोगरी हातात घ्यायची. शहरात वर्गात ती हात खिशात घालून बसते, हे तिनं मला एकदा सांगितलं होतं. तिच्या शिक्षिकेनं विचारलं होतं, या हातांनी तू रुग्णाला शिवणार का?

"बर्फ पडला की बस टेकडी चढणार नाही," त्या दिवशी मी म्हटलं. "मग पोर काय करणार?"

"चालेल," अफनासी म्हणाला.

"शहरापर्यंत? घोडी समजलास काय तिला?"

घोडी त्यानं उन्हाळ्यातच विकली होती. बोलून गेले आणि जीभ चावली.

"घोडी असती तर प्रश्नच नव्हता," तो म्हणाला आणि पुढचा अक्रोड उचलला.

वसतिगृहात जागा होती. पण वसतिगृहाचं भाडं भरायचं, वर अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं, जेवायचं आपलं आपण. दिवाळं निघालेल्या त्या शरदात हे बोलायचंसुद्धा नव्हतं. तरी मी बोलले. माझा स्वभावच तसा.

"रैसा येत्येय," मी म्हटलं. "आगाफियामावशीच्या वर्षश्राद्धाला."

आगाफियामावशी म्हणजे रैसाची आई. रैसा आमच्याच शाळेतली, आमच्याच वर्गातली. बारा वर्षं झाली तिला इटलीत, पादोव्हाला. आमच्या गावच्या निम्म्या बाया तिकडेच आहेत, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया न्हाऊ-माखू घालतात. रविवारी सुट्टी असली की सगळ्या एका बागेत जमतात. तिथे आपल्या देशाच्या गाड्या थांबतात, सामान चढतं-उतरतं, आणि रैसा वर्गणीचा डबा घेऊन फिरते. गावातल्या गरीब घरांसाठी, शिकणाऱ्या पोरांसाठी. शाळेतल्या शेगड्या त्या डब्यातूनच आल्या. त्या बायकांच्या मंडळाची सगळी उठाठेव तीच करते.

"मी भिकारी नाही," अफनासी म्हणाला.

"भिकारी कोण म्हणतंय? आपल्याच गावच्या बाया आहेत."

"म्हणूनच. परक्या असत्या तर घेतलं असतं. यांच्यासमोर मला उद्या चर्चमध्ये उभं राहायचंय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फेलिचिया ओरडली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता आणि मोगरी अंगठ्यावर बसली होती. अफनासीनं तिचा हात ओढून घेतला, फुंकर घातली, चिंधी फाडून अंगठा बांधला. ती "काही नाही बाबा, काही नाही" म्हणत होती आणि डोळे पुन्हा मिटत होते. तिला तसंच बाकावर कलंडू दिलं आम्ही.

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय करावं लागतं त्यासाठी?"

"काही नाही रे. रैसा घरी येते, फोनवर थोडं चित्रण करते. आपण दोन शब्द बोलायचे. ते ती तिकडे बायकांना पाठवते आणि त्या ठरवतात."

"घरी येते म्हणालीस?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना," अफनासी म्हणाला आणि उठलाच.

दुसऱ्या दिवशी बघते तर हा शिडीवर. घराला चुना, खिडक्यांभोवती निळा पट्टा. आमच्याकडे प्रत्येक घरात एक पाहुण्यांची खोली असते. तिच्यात कुणी झोपत नाही. ती पाहुण्यांसाठी आणि घरातलं माणूस गेलं की त्याला शेवटचं निजवायला. नीनाला तिथेच ठेवलं होतं, त्यानंतर ती खोली बंदच होती. अफनासीनं ती उघडली. नीनानं माहेरी असताना विणलेले गालिचे, काळ्या जमिनीवर लाल गुलाब, बाहेर नेऊन झटकले आणि पुन्हा भिंतीवर चढवले. उशांची चळत छतापर्यंत रचली. जानेवारीसाठी राखलेलं सरपण त्या खोलीच्या शेगडीत घातलं. एकुलता एक कोंबडा कापला. मग माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"लिदिया, तुझे ते स्फटिकाचे पेले दे गं."

"एवढं कशाला रे?"

"पाहुणी येत्येय. पादोव्हाहून."

मी पेले दिले. वर माझ्या लग्नातला जाळीचा टेबलपोसही दिला. मला तरी कुठे सुचलं?

रैसा आली ती पातळशा इटालियन कोटात, थंडीनं नाक लाल झालेलं. बारीक झाली होती. हात मात्र आमच्यासारखेच, धुण्या-पुसण्यानं उललेले. अंगणात आली आणि सरळ स्वयंपाकाच्या खोलीकडे वळली.

"इथेच बसू या ना, अफनासी. इथेच राहता ना तुम्ही?"

अफनासीचा चेहरा लालबुंद झाला. "पाहुणीला चुलीपाशी बसवू? चारचौघांत माझं नाक कापायचंय का तुला?"

आणि तिचा दंड धरून त्यानं तिला गुलाबांखाली नेऊन बसवलं. पेल्यात गेल्या वर्षीची शेवटची वाइन ओतली. कोंबड्याची तंगडी तिच्या ताटात पडली. रैसानं माझ्याकडे पाहिलं, मी गालिच्याकडे पाहिलं. शेवटी तिनं फोन काढला.

"बोल अफनासी. घरची अडचण सांग. द्राक्षांचं सांग."

अफनासी उभा राहिला. कोटाचं गळ्याजवळचं बटण लावलं. फोनकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "देवाच्या दयेनं आमचं बरं चाललंय. आम्हाला काही कमी नाही. तिकडच्या सगळ्या बहिणींना नमस्कार. तब्येती जपा. गावी आलात की आमच्याकडे जेवल्याशिवाय जायचं नाही."

मी कपाळाला हात लावला. फेलिचिया मान खाली घालून हसू दाबत होती. रैसाही हसली असती, पण तिच्या तोंडात घास होता.

रविवारी ते चित्रण पादोव्हाच्या बागेत हातोहात फिरलं. सोमवारी रैसा मला विहिरीवर भेटली. बादली कठड्यावर ठेवून तिनं आधी हसून घेतलं, मग डोळे पुसले.

"म्हणतात कशा, बाई गं, असले गालिचे आमच्याकडे नाहीत. एक तर म्हणाली, यालाच विचार, आम्हाला काही देतो का ते."

"आणि पोरीचं काय?"

"पोरीचं काय! त्यांनी दुसरं नाव सुचवलंय." तिनं बादली उचलली, पुन्हा ठेवली. "एकदा पुन्हा काढू दे मला. त्या स्वयंपाकाच्या खोलीत. जसे राहता तसे. तू सांग त्याला, लिदिया. तुझं ऐकतो तो."

तो माझं ऐकतो हा गावाचा गैरसमज आहे. पण सांगायला मीच गेले. गालिच्यांची गोष्ट मी गाळली. अफनासीनं सगळं ऐकून घेतलं, हातातला अक्रोड टोपलीत ठेवला आणि एवढंच म्हणाला, "फेलिचिया आल्यावर या."

आम्ही गेलो. रैसानं खोलीवर नजर फिरवली. तिला हे काम सवयीचं होतं आणि तेच मला बघवत नव्हतं.

"चुलीवरचं पातेलं काढू या. मांस शिजतंय असं वाटतं."

"मक्याचं पीठ शिजतंय," अफनासी म्हणाला. पण त्यानं पातेलं खाली ठेवलं.

"ती नक्षीची उशी नको दिसायला."

त्यानं उशी बाकाखाली सरकवली.

"जुनं जॅकेट नाही का रे?"

"हेच जुनं आहे."

"आणखी जुनं?"

तो बाहेर गेला आणि गोठा साफ करायचं जॅकेट घालून आला. कोपरातून कापूस बाहेर आलेला, शेणाचा वास. भिंतीला टेकून उभा राहिला, टोपी हातात घेऊन, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. पुरे कर म्हणणार होते. पण तो सगळं मुकाट करत होता आणि बर्फ कधीही पडला असता.

"शाबास," रैसा हळूच म्हणाली. तिलाही बरं वाटत नव्हतं, दिसत होतं. "आता फेलिचिया, बाळा, तू ये. उजेडात. हात दाखव बरं. दोन्ही. असे पुढे कर."

पोरीनं खिशातून हात काढले. काळी बोटं, फुटलेली नखं, अंगठ्याला चिंधी. रैसानं फोन जवळ नेला.

मधे अफनासीची टोपी आली. त्यानं ती पोरीच्या हातांवर पालथी धरली होती.

"हात नाही," तो म्हणाला.

"अफनासी, अरे हातच तर बघून—"

"माझे घे. हवे तेवढे माझे घे. हे बघ." त्यानं आपला पंजा तिच्या नाकासमोर धरला. "तिच्या हातांनी उद्या आजारी माणसाला उठवायचंय, बसवायचंय. ते लोकांना दाखवायला नाहीत."

रैसाच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन खाली आला आणि आवाज वर गेला. "मला हौस आहे वाटतं? दर रविवारी मी डबा घेऊन उभी असते. आठवड्याची एक सुट्टी मिळते मला, एक! बाया मला लांबून बघून वाट बदलतात. तू भिकारी नाहीस, मग मी आहे का? त्यांना रडू आलं की त्या देतात. हसू आलं की देत नाहीत. मी काय करू ते सांग!"

तिनं फोन खिशात कोंबला. ती निघून गेली, फाटकही लावलं नाही.

फेलिचियानं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, "बाबा, मी रैसामावशींबरोबर जाते पादोव्हाला. तिथे म्हाताऱ्यांनाच सांभाळायचं असतं. शिकून तरी मी तेच करणार ना?"

अफनासीनं मोगरी घेतली आणि फोडायला बसला. त्या संध्याकाळी त्याच्या ठोकळ्यावरून एकही फुलपाखरू निघालं नाही, नुसता चुरा. पण पोरीला तो नाही म्हणाला नाही, आणि त्याचंच मला भय वाटलं. पुढल्या आठवड्यात रैसाची गाडी परत जायची होती आणि गाडीत एक जागा मोकळी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शनिवारी आगाफियामावशीचं वर्षश्राद्ध होतं. माणूस गेल्यावर वर्षानं आम्ही त्याचा संसार दान देतो. त्याला पोमाना म्हणतात. ताटवाटी, घागर, टेबल, बिछाना, जे इथे एखाद्याच्या हातात पडेल ते तिकडे गेलेल्याला पोचतं. त्यामुळे पोमानात देणारा मोठा नसतो. घेणाराच उपकार करतो. घेणाऱ्यानं टॉवेलचं टोक धरून "देव तिला क्षमा करो" म्हटलं नाही, तर गेलेलं माणूस तसंच रिकाम्या हातांनी राहतं.

आगाफियामावशी गेली तेव्हा रैसा येऊ शकली नव्हती. तिचे तिकडचे कागद अडकले होते. निघाली असती तर परत शिरता आलं नसतं. खड्डा अफनासीनं खणला. गारांचा पाऊस होता. पेटी खाली उतरेपर्यंत हात उंच करून फोन धरून तोच उभा राहिला होता, आणि त्या फोनमधून रैसाचं रडणं येत होतं. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नव्हते.

चर्चमधून सगळे आगाफियामावशीच्या अंगणात आले. ऊन पडलं होतं, नोव्हेंबरातलं. टेबलांवर वेणीचे गोल पाव, त्यांत खोचलेल्या मेणबत्त्या, कोबीच्या पानांत बांधलेला भात. अफनासी आला होता, पण फाटकाजवळच उभा होता, धुतलेल्या कोटात. फेलिचिया त्याच्या बाजूला. आठवडाभर पहाटेची बस, दोन दिवस इस्पितळातलं काम. पोर उभ्या उभ्या झुलत होती.

अंगणाच्या मधोमध लोखंडी पलंग मांडला होता. जाड गादी, पांढरी चादर, दोन उशा, लोकरीची रजई. पायथ्याशी जाड कोट, लोकरीचे बूट, किटली, ताट, वाचायचा दिवा. दिवा बघितला आणि माझ्या ध्यानात आलं. आगाफियामावशीला वाचता येत नव्हतं.

पाद्रीबाबांनी मान हलवली. रैसा काळा रुमाल बांधून पुढे आली, हातात नवा टॉवेल.

"फेलिचिया," ती म्हणाली. "अफनासीची फेलिचिया. ये गं पुढे. हे माझ्या आईच्या नावानं. आणि या बिछान्याला लागेल ती शहरातली खोलीही, तुझं शिक्षण होईतो. तीही आईच्याच नावानं."

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. पोरीनं बापाकडे पाहिलं.

"रैसा," अफनासी हळू म्हणाला, पण अंगणात एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "हे तू तेच देत्येस. फिरवून."

"नाही."

"मग काय आहे हे?"

"तो डबा त्या बायकांचा. हे माझ्या कमाईचं, माझ्या आईचं." तिचा आवाज फुटला. "मी तिकडे परक्या बाईच्या डोक्याखाली उशी सारखी करत होते, तेव्हा माझी आई इथे एकटी गेली. वर्ष झालं. वर्षभर ती तिकडे बिछान्यावाचून पडलीय, अफनासी. मी कुणाकडे जाऊ? गावात माझं कोण राहिलंय? तुझ्याकडे मागत्येय. तुझ्या पोरीला झोपू दे तिच्या बिछान्यावर. मला नाही म्हणू नकोस रे."

अफनासीनं टोपी काढली. चालत पलंगापाशी आला. रजईवरून हात फिरवला, उशांकडे पाहिलं.

"उशा दोन का?"

"आईला दोन लागायच्या. आडवी झाली की धाप लागायची."

"हो," तो म्हणाला. "लागायच्या." आणि एक उशी सारखी केली. त्याचे ओठ हलत होते. मग मागे न बघता म्हणाला, "ये पोरी. घे."

फेलिचिया आली. त्या काळ्या हातांनी, साऱ्या गावादेखत, तिनं टॉवेलचं टोक धरलं. दुसरं टोक रैसाच्या हातात.

"देव आगाफियाआजीला क्षमा करो."

"क्षमा करो," अंगण म्हणालं. अफनासीचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

"आता थोडं आडवं व्हायचं असतं," कुणी म्हातारी म्हणाली. "म्हणजे तिची पाठ टेकेल."

फेलिचिया लाजली. बूट काढले, मोज्याचं भोक दुसऱ्या पायानं झाकलं आणि पलंगावर अंग टाकलं. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडून प्रार्थना म्हटली. मोठी नव्हती. संपली, लोकांनी क्रूसाची खूण केली, आणि पोर उठेना. मी वाकून पाहिलं. तोंड जरा उघडं, श्वास संथ. गाढ झोपली होती.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अफनासीनं वळून ओठांवर बोट ठेवलं, असं की हसणाऱ्याची मान खाली गेली. पाद्रीबाबांनी पुस्तक आवाज न करता मिटलं.

रैसा पलंगाच्या कडेवर बसली. पोरीचं डोकं तिनं हलकेच उचललं, दुसरी उशी खाली सरकवली. रजई हनुवटीपर्यंत ओढली, पायांशी खोचली, पुन्हा वर आली आणि पुन्हा खोचली. तिला ते थांबवता येत नव्हतं. आम्ही सगळे तिच्याकडे न बघता टेबलांकडे गेलो. बाया कुजबुजत वाढू लागल्या, पुरुषांनी पेले एकमेकांना लावले नाहीत.

थोड्या वेळानं उन्हाची तिरीप सरकली. मी अफनासीच्या जवळ गेले.

"गारठा पडेल. उठवू का रे तिला?"

"नको," तो म्हणाला. "झोपू दे दोघींना."

मग त्यानं ताट घेतलं, त्यात भात वाढला, पाव ठेवला आणि रैसाकडे नेऊन दिला. ती बिछान्याच्या कडेवरच बसून जेवली.